एक तरी कृती अथपासून इतिपर्यंत

आपल्या विद्यापीठांतील संगणकशास्त्राचे पदव्युत्तर अभ्यासक्रम दर काही वर्षांनी नव्याने आखले जातात, आणि प्रत्येक आखणीच्या वेळी अभ्यासमंडळापुढे एकच तगादा येऊन उभा राहतो, की उद्योगांस आज ज्याची गरज आहे ते विद्यार्थ्यांस आजच शिकविले गेले पाहिजे. ह्या तगाद्यापायी डेटा सायन्स, क्लाउड, ब्लॉकचेन, मशीन लर्निंग असे नवनवे विषय दाखल होत जातात, त्यांना जागा करून देण्यासाठी ऑटोमाटाचा सिद्धान्त, कंपायलरची रचना, ऑपरेटिंग सिस्टिमचे अंतरंग हे जुने विषय आक्रसत जातात, आणि दोन वर्षांच्या अखेरीस पुष्कळ विषयांची तोंडओळख झालेला, परंतु एकाही विषयाच्या गाभ्यापर्यंत न पोहोचलेला विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतो. माझे म्हणणे असे, की प्रत्येक सत्रात निदान एक विषय असा असावा, ज्यात एखादी संपूर्ण कृती, मग ती आज्ञावली असो वा गणिती सिद्धता, एकही ओळ न गाळता अथपासून इतिपर्यंत वाचली जाईल, आणि परीक्षाही त्या वाचनाचीच घेतली जाईल.

ही रीत आपल्या भूमीस अपरिचित नाही. जुन्या पाठशाळांत नागोजीभट्टांचा ‘परिभाषेंदुशेखर’ अभ्यासणारा विद्यार्थी व्याकरणाच्या पन्नास ग्रंथांची नावे पाठ करून पंडित ठरत नसे. गुरुजींसमोर बसून तो एकेक पंक्ती लावीत असे, आणि पंक्ती लागल्याखेरीज पान उलटत नसे. ह्या शिस्तीत वर्षे जात, परंतु एक ग्रंथ असा लागला म्हणजे त्या शास्त्रातील दुसरा कोणताही ग्रंथ आपल्या बळावर उघडण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी येई.

संगणकशास्त्रात ह्याच पद्धतीचा दाखला सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात सापडतो. तेथील अध्यापक जॉन लायन्स यांनी १९७६ च्या सुमारास आपल्या विद्यार्थ्यांसाठी दोन पुस्तिका सिद्ध केल्या; पहिलीत युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, तो ओळींना क्रमांक देऊन छापलेला होता, आणि दुसरीत त्यावरचे भाष्य होते. हा गाभा दहा हजार ओळींच्या आत बसत असल्यामुळे एका विद्यार्थ्याच्या बुद्धीत तो समग्र मावू शकत होता, आणि नेमके हेच हेरून लायन्स यांनी आपला अभ्यासक्रम त्याभोवती रचला. पुढे १९७९ साली सातवी आवृत्ती आली तेव्हा एटी अँड टी कंपनीने परवान्याच्या शर्ती बदलून मूळ आज्ञावली वर्गात शिकविण्यास मनाई केली; तेव्हापासून ह्या दोन पुस्तिकांच्या छायाप्रती, आणि त्या छायाप्रतींच्याही छायाप्रती, देशोदेशींच्या विद्यार्थ्यांमध्ये हस्ते परहस्ते फिरत राहिल्या, आणि त्यांचे राजरोस प्रकाशन होण्यास १९९६ साल उजाडावे लागले. त्याच मनाईमुळे ॲम्स्टरडॅमच्या अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी केवळ अध्यापनासाठी मिनिक्स ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः लिहून १९८७ मध्ये पुस्तकासह प्रसिद्ध केली, आणि ती वापरता वापरता हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरव्हाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा आरंभ केला. ज्या क्लाउडच्या नावाने आज अभ्यासमंडळांकडे तगादे येतात, तो क्लाउड बहुतांशी ह्या लिनक्सवरच उभा आहे. उद्योगांची निकड बाजूस ठेवून, केवळ विद्यार्थ्यास एक वस्तू पुरती कळावी एवढ्याच हेतूने आखलेल्या अध्यापनाची ही वंशावळ आहे, आणि अभ्यासक्रमाचा मसुदा हाती घेणाऱ्या प्रत्येक सभासदाने ती ध्यानी घ्यावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

लायन्स यांच्या पुस्तिकांचा वारसा आज मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने चालविला आहे. तेथे २००६ साली युनिक्सच्या त्याच सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर एक्सव्ही६ नावाची लहानशी ऑपरेटिंग सिस्टिम वर्गासाठी लिहिली गेली, आणि तिच्यातील एकच स्थळ येथे जवळून पाहण्यासारखे आहे. चालू काम थांबवून प्रोसेसर दुसऱ्या कामाच्या स्वाधीन करणारे एक छोटे फंक्शन तिच्यात आहे. रिस्क-फाइव्ह प्रोसेसरसाठी लिहिलेल्या आवृत्तीत चौदा रजिस्टरांतील मूल्ये जुन्या कामाच्या खाती स्मृतीत जमा करणाऱ्या चौदा सूचना, नव्या कामाच्या खाती पूर्वी ठेवलेली चौदा मूल्ये उचलणाऱ्या आणखी चौदा सूचना, आणि शेवटी परतण्याची एक सूचना, एवढाच त्या फंक्शनाचा संसार आहे. परंतु परतावयाचे कोठे हा पत्ता त्या चौदांपैकीच एका रजिस्टरात असतो, आणि तो वाटेतच बदललेला असतो. त्यामुळे फंक्शनास हाक घालतो एक आणि त्यातून बाहेर पडतो दुसरा, तर हाक घालणारा जेथल्या तेथे निजून राहतो आणि पुढे केव्हातरी, दुसऱ्या कोणी हीच हाक घातली म्हणजे, काहीच घडले नसावे अशा रीतीने पुढच्या ओळीवर जागा होतो. एकाच प्रोसेसरवर अनेक कामे एकाच वेळी चालल्याचा जो भास आपणांस होतो, त्याचे सारे मर्म ह्या एकोणतीस सूचनांत आहे. विद्यार्थी येथे अडतो, अडलाच पाहिजे. रजिस्टरे बत्तीस असता चौदाच का जतन केली, असा प्रश्न ज्याला पडतो, त्याला उरलेल्यांची जबाबदारी हाक घालणाऱ्याकडे सोपविणारा कंपायलरचा संकेत शोधावा लागतो, आणि वेळापत्रकात वेगवेगळ्या तासांना शिकविलेले दोन विषय त्याच्या मनात त्या क्षणी एकत्र येतात. पाठ्यपुस्तकातील ‘संदर्भबदल’ ह्या विषयावरील चार गुणांची टीप कितीही सुवाच्य लिहिली, तरी ह्या बोधाची जागा ती घेऊ शकत नाही.

सिद्धान्ताच्या बाजूनेही अशी कृती आपल्या घरचीच आहे. आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल, आणि त्याच सुमारास बी.टेक. पूर्ण केलेले नीरज कयाल व नितीन सक्सेना, यांनी ऑगस्ट २००२ मध्ये अवघ्या नऊ पानांचा एक निबंध प्रसृत केला, ज्यात दिलेली संख्या मूळ आहे किंवा नाही हे कोणत्याही असिद्ध गृहीतकाचा आधार न घेता आणि नशिबावर काहीही न सोपविता बहुपदीय काळात ठरविता येते, असे सिद्ध केले होते. फर्माच्या लहान प्रमेयास बहुपदींच्या भाषेत मांडावयाचे, त्या मांडणीची थेट पडताळणी फार खर्चाची ठरते म्हणून तिला एका लहान घाताच्या भागाकाराने आटोपशीर करावयाचे, आणि मग ह्या आटोपामुळे निर्णयात खोट येत नाही हे दाखवावयाचे, असा त्याचा क्रम आहे. जाणकार वाचकांच्या सूचनांनी ती सिद्धता पुढे अधिक सोपी झाली आणि २००४ साली ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ ह्या नियतकालिकात आली. बीजगणिताची बेताची तयारी असलेला एम.एस्सी.चा विद्यार्थी हा निबंध एका सत्रात सर्वांगाने समजून घेऊ शकतो. असे असता आपल्या कित्येक वर्गांत ह्या निबंधाचा उल्लेखदेखील होत नाही, ह्याचे मला मनापासून दुःख होते.

ह्याउलट आज आपल्याकडील प्रात्यक्षिकाचा शिरस्ता कोणता? सत्राच्या आरंभी प्रात्यक्षिकांची यादी मिळते. त्यांची उत्तरे जर्नलमध्ये उतरविली जातात, त्यावर अध्यापकांची सही आणि विभागप्रमुखांचा दाखला होतो. परीक्षेच्या दिवशी विद्यार्थी एक स्लिप उचलतो, आणि त्या स्लिपांचा संच उत्तरांसह आधीच्या तुकड्यांकडून त्याच्यापर्यंत आलेला असतो. ह्यात विद्यार्थ्यास दोष देण्यात अर्थ नाही. जी परीक्षा पाठांतराने पार पडते तिची तयारी तो पाठांतरानेच करणार. तोंडी परीक्षेत बहिस्थ परीक्षकाने एक ओळ बोटाने दाखवून ही काढून टाकली तर काय बिघडेल एवढे विचारले, तरी वाचलेले आणि उतरविलेले ह्यांतला भेद तत्काळ उघड होईल.

ह्यावर जो आक्षेप येतो तो गंभीर आहे, आणि त्याची मी हेळसांड करू इच्छीत नाही. लातूर, नंदुरबार, चंद्रपूर अशा जिल्ह्यांतून, कित्येकदा शैक्षणिक कर्ज काढून, पुण्या-मुंबईस आलेल्या विद्यार्थ्यास पदवीनंतर नोकरी हवी असते, आणि त्याच्या घरी तिची वाट पाहिली जात असते. त्याला सिद्धता वाचावयास सांगणे म्हणजे पोट भरलेल्यांची चैन होय, असे म्हणणारे लोक त्याचे हितचिंतकच असतात. परंतु ज्या साधनाच्या जोरावर त्याला पहिली नोकरी मिळते, ते साधन त्याच्या चाळिशीपर्यंत टिकत नाही, आणि दुसरे साधन स्वतःच्या बळावर आत्मसात करण्याची शक्ती त्याला विद्यापीठाने दिलेली नसेल तर त्याचे नुकसान सर्वांत अधिक होते, कारण पुन्हा शिकावयास लागणारा पैसा आणि अवकाश त्याच्यापाशीच सर्वांत कमी असतो. शिवाय आता मागेल ती आज्ञावली क्षणार्धात लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने कोणाच्याही हाती आहेत. त्यांनी लिहिलेले खरे की खोटे, सुरक्षित की घातक, हे जो वाचून सांगू शकेल त्याचीच उद्या कचेरीत गरज राहील, आणि ते वाचन आपण आज शिकवीत नाही.

संगणकशास्त्र हा विषय विद्यापीठात आला तो मुळात पदव्युत्तर दारानेच. केंब्रिजने १९५३ साली सुरू केलेली एक वर्षाची पदविका ही ह्या विषयाच्या औपचारिक अध्यापनाची जगातील पहिली तजवीज मानली जाते, आणि तिचे विद्यार्थी एडसॅक ह्या प्रत्यक्ष यंत्रावर काम करीत. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली जो टिफ्रॅक संगणक घडला आणि १९६० मध्ये चालू झाला, त्याच्या घडविणाऱ्यांपाशी संगणकशास्त्राची पदवी असणे शक्यच नव्हते, कारण ती देणारे विद्यापीठ तेव्हा देशात नव्हते. परंतु आपण बांधीत असलेले यंत्र त्यांना आतून-बाहेरून ठाऊक होते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांत संशोधनपद्धती आणि प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण ह्यांना स्वतंत्र श्रेयांक मिळाले आहेत. संशोधनपद्धतीच्या ह्याच तासांत व्याख्या आणि प्रकार ह्यांची जंत्री देण्याऐवजी एक निबंध समग्र वाचला, तर वेगळ्या मंजुरीचीही आवश्यकता पडणार नाही. खर्चाची सबबही टिकणारी नाही. एक्सव्ही६ची आज्ञावली आणि तिच्यावरील पुस्तक कोणासही विनामूल्य मिळते, ती चालविण्यास साधा संगणक पुरतो, आणि गडचिरोलीच्या महाविद्यालयास जे आज मिळू शकते ते पवईला मिळते त्याहून तसूभरही कमी नाही. कमी आहे तो अध्यापक. ज्या विभागांत मंजूर पदे वर्षानुवर्षे रिक्त ठेवून तासिका तत्त्वावर काम भागविले जाते, तेथे एका महाविद्यालयातून दुसऱ्याकडे धावणाऱ्या आणि मानधनाच्या बिलासाठी खेटे घालणाऱ्या तरुण अध्यापकाकडून विद्यार्थ्याशेजारी बसून ओळीमागून ओळ लावण्याची अपेक्षा करणे अन्याय्य आहे, कारण ह्या कामाचा वेळ कोणत्याही तासिकेत मोजला जात नाही. म्हणून अभ्यासमंडळांनी नव्या विषयांच्या याद्या शासनाकडे धाडण्यापूर्वी ह्या रिक्त पदांची मागणी धाडावी, आणि ती भरली जाईपर्यंत यादीत एकाही नव्या विषयाची भर घालू नये.