शेजारचा कुत्रा, आपली सकाळ

चंद्रपुरातील आमच्या एका ज्येष्ठ परिचितांनी गेल्या हिवाळ्यात सकाळचे फिरणे सोडले. वय ७८, मधुमेह जुना, आणि सोबतीला तितकाच म्हातारा गावठी कुत्रा. कारण विचारले की ते गुडघ्याकडे बोट दाखवीत. खरे कारण सूनबाईंनी सांगितले. दोन घरे सोडून आणलेला नवा दांडगा कुत्रा फाटकावर झेपा घेतो. एकदा तर फाटक ओलांडून तो रस्त्यावर आला होता. त्याचे मालक हसून म्हणाले, "काही करत नाही जी तो, काकाजी." चार महिन्यांत काकाजींची साखर वाढली, पायांतील बळ उणावले. एकही दात न लावता त्या कुत्र्याने एवढे केले होते.

अशा वेळी सारा दोष शेजाऱ्याच्या दारी ठेवण्याचा मोह होतो. आपणही कुत्रा पाळत असू, तर आधी आपली बाजू नीट पाहावी. त्याला दरवर्षी रेबीजची लस दिली जाते का? लसीकरणाचे कार्ड चटकन सापडेल असे ठेवले आहे का? आपलाच कुत्रा दुसऱ्याच्या फाटकाशी जाऊन भुंकत असेल, तर भांडणाची सुरुवात आपल्याकडूनच होते. फिरताना पट्टा आखूड धरावा, मात्र मनगटाला गुंडाळू नये. कुत्र्याने अचानक हिसका दिला की म्हातारे माणूस पडते, आणि उतारवयात मोडलेले खुब्याचे हाड कुत्र्याच्या चाव्याहून अधिक काळ अंथरुणाला खिळवते.

दुसरा कुत्रा अंगावर आलाच, तर पळू नये. त्याच्या डोळ्याला डोळाही देऊ नये. अंग थोडे तिरके करून, काठी मध्ये धरून, हळूहळू मागे सरावे. आपल्या कुत्र्याला उचलून छातीशी धरण्याची ऊर्मी येते, पण मग झेप आपल्या तोंडावर येते. दोघे जुंपलेच, तर मध्ये हात घालू नये, पट्टा सोडून द्यावा. हे लिहिताना माझाही हात अडखळतो. वर्षानुवर्षे पायाशी निजलेल्या जिवाला असे सोडणे कोणालाही सोपे नाही.

शेजाऱ्याशी बोलायला संध्याकाळी, कुत्र्याला घरी ठेवून जावे. तक्रारीचा सूर नको. आपले वय, आपले आजार आणि आपली भीती सरळ सांगावी. फाटकाची उंची व कडी, कुत्र्याला बाहेर काढण्याची वेळ, आणि लसीकरण, एवढेच विचारावे. दिवसभर साखळीला जखडलेला कुत्रा अधिकच चिडका होतो, हेही कानावर घालावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, पाळीव जनावरापासून माणसाला धोका होऊ नये यासाठी पुरेशी काळजी न घेणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हे कलम आपल्याला ठाऊक असावे. पहिल्याच भेटीत ते बोलून दाखवू नये.

आपल्या जंगलपट्ट्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. राखणीसाठी रात्री अंगणात बांधलेला कुत्रा बिबट्यासाठी ताटात वाढलेल्या अन्नासारखा असतो. विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहमदनगर जिल्ह्यातील अकोले भागात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला. भक्ष्याच्या एकूण वजनात सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. चंद्रपूरला लागून असलेल्या दुर्गापूर परिसराने २०२२ मध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गमावली, हे तिथले लोक विसरलेले नाहीत. तेव्हा कुत्रा आपला असो वा शेजाऱ्याचा, रात्री त्याला दाराच्या आत घ्यावे. उरलेसुरले मटण रस्त्याकडेला टाकण्याची सवयही सोडावी. त्यावर आधी मोकाट कुत्री जमतात आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो.

आणि दात लागलाच तर? जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना यांतले काहीही लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा, मग तो नुसता ओरखडा का असेना. "कुत्र्याला लस दिलेली आहे" या आश्वासनावर घरी बसू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही लागते. लसीच्या सगळ्या मात्रा ठरल्या दिवशीच घ्याव्यात. वय, मधुमेह किंवा रक्तदाब यांमुळे ही लस टाळावी लागत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तेवढे डॉक्टरांना सांगावे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो; अशा भागातील कुटुंबांनी लस आणि प्रतिद्रव्य जवळ कुठे मिळते, हे पावसाळ्यापूर्वीच आरोग्य केंद्रात विचारून ठेवावे.

काकाजींच्या सूनबाई शेजारी जाऊन बोलल्या. मालकांनी फाटकावर दोन फूट जाळी चढवली आणि आपला कुत्रा साडेसातनंतरच बाहेर काढण्याचे कबूल केले. काकाजी आता सव्वासहाला निघतात. ते घर आले की मात्र अजूनही रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जातात. त्यांचा म्हातारा कुत्रा तर त्यांच्याही आधी वळतो.