चित्राच्या पाठीवरची ओळ

गेल्या महिन्यात एका प्रदर्शनात तीन चित्रांखाली ‘टेम्परा’ लिहिलेलं दिसलं. बंधक, म्हणजे रंग ज्यात कालवतात ते चिकट द्रव्य, कोणतं, असं चित्रकारांना विचारलं तर एकाने पोस्टर कलर सांगितला, दुसऱ्याने ॲक्रिलिक. तिसऱ्या मुलीने मात्र खरोखरच अंड्याचा बलक वापरला होता. चित्रं तिन्ही चांगली होती. नाव एकाचंच खरं होतं.

हा शब्दांचा कीस नव्हे. अजिंठ्याला आपण अजूनही सर्रास ‘फ्रेस्को’ म्हणतो. खऱ्या फ्रेस्कोत रंग नुसत्या पाण्यात कालवून ओल्या चुन्यावर लावतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि रंग त्यातच बांधला जातो. अजिंठ्याचा गिलावा मातीचा. त्यात भाताचं तूस, वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ. म्हणजे टेम्पराच. त्याला ओलं फडकं लावलं तर रंग फडक्यावर येतो. 1920 ते 1922 या काळात निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रं वाचवण्यासाठी त्यांवर चपड्या लाखेचा लेप दिला. हेतू चांगलाच होता, आणि सुटणारे पापुद्रे त्यांनी भिंतीला बसवलेही. पण लाख पुढे पिवळी पडली, खालचे निळे-हिरवे झाकोळले. तो थर उतरवण्याचं किचकट काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांच्या वाट्याला आलं. खाली रंग कशात कालवला आहे, हे कळल्याशिवाय त्यावर कोणताही द्रव टेकवता येत नाही.

बलकाचं टेम्परा करू पाहणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. बलक पांढऱ्यापासून वेगळा करून तळहातावर फिरवत कोरडा करा, मग चिमटीत धरून पिशवी टोचा; आतला बलक तेवढा वाटीत पडू द्या, पिशवी टाकून द्या. जवळजवळ तितकंच पाणी घाला. रंग कालवून काचेवर एक पट्टी ओढा. वाळल्यावर पात्याने ती सलग साल निघावी तशी सुटली तर प्रमाण बरोबर. भुकटी झाली तर बलक कमी. रंग मिनिटभरात वाळतो, म्हणून तेलरंगासारखा घोळवता येत नाही. बारीक रेघांवर रेघा चढवाव्या लागतात. जाड थर तडकतो, सैल कॅनव्हासवर तर हमखास. या रंगाला खडू-सरसाचं अस्तर दिलेली लाकडी फळीच हवी.

बंधक म्हणून बलकच हवा असं नाही; चित्रकार जामिनी रॉय चिंचोक्याची खळ वापरत. आपल्याकडे चिंचोके घरोघर असतात, तरी ती खळ करून पाहणारे मला फार थोडे भेटतात, याचं वाईट वाटतं.

पुढच्या अंकापासून आपण छापत असलेल्या प्रत्येक चित्राखाली माध्यमाबरोबर बंधकही छापू: बलक, सरस, डिंक, खळ, जे असेल ते. चित्र पाठवताना त्याच्या पाठीवर पेन्सिलने तेवढी एक ओळ लिहा. अस्तर कशाचं, तेही.