सुकाणू आणि चुक्काणी

निवडणुकीचा निकाल लागला, की आपल्या सीमाभागातल्या घरांत येणाऱ्या दोन्ही वर्तमानपत्रांत एकच मथळा दोन लिप्यांत वाचायला मिळतो. मराठीत पुढाऱ्याच्या हाती ‘सुकाणू’ येते आणि कन्नडमध्ये तो ‘चुक्काणी’ हिडितो. दोन्ही शब्दांचे मूळ एकच, अरबी ‘सुक्कान’. आपण घाटावरची माणसे, समुद्राशी आपला संबंध मालवण, गोवा नाहीतर कारवारच्या सहलीपुरता. तरी हा दर्यावर्दी शब्द दोन्ही भाषांतून आपल्या तोंडी बसला आहे. वर्गात विचारले, “सुकाणू काय करते?” तर मुले लगेच सांगतात, “सर, होडी वळवते.” कशी वळवते, म्हटले की सगळे खिडकीबाहेर पाहू लागतात.

सुकाणू म्हणजे होडीच्या मागे पाण्यात उभी असलेली फळी. ती सरळ असते तोवर पाणी दोन्ही अंगांनी सारखे निघून जाते. फळी उजवीकडे तिरकी केली, की पाणी तिच्यावर आदळते आणि तिला डावीकडे रेटते. तिच्याबरोबर होडीचा मागचा भाग डावीकडे सरकतो आणि तोंड उजवीकडे फिरते. म्हणजे होडी वळते ती मागून. स्कूटर-मोटारीची सवय असलेल्या माणसाला हे पटकन उमगत नाही. नवखा माणूस धक्क्यावरून होडी काढताना पुढचे टोक सांभाळतो आणि मागचा भाग धक्क्याला घासून घेतो. शिवाय लहान होडीत सुकाणूचा दांडा हातात धरणाऱ्याला सगळे उलटे करावे लागते. उजवीकडे जायचे तर दांडा डावीकडे ढकलायचा!

या सगळ्याला एक अट आहे. फळीवरून पाणी वाहत असले पाहिजे. उभ्या होडीचे सुकाणू दिवसभर फिरवले तरी ती जागची हलणार नाही. म्हणून मोठ्या जहाजांत सुकाणू सहसा पंख्याच्या लगेच मागे बसवतात. पंख्याने मागे फेकलेले पाणी थेट त्याच्यावर येते आणि त्याला बळ मिळते. पंखा थांबला, की हे बळ बरेचसे जाते.

याची किंमत २६ मार्च २०२४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहराने पाहिली. ‘डाली’ हे सुमारे ३०० मीटर लांबीचे मालवाहू जहाज मध्यरात्रीनंतर बंदरातून बाहेर पडत होते. त्यावरचे बहुतेक खलाशी आपले भारतीय. वाटेत जहाजाची वीज गेली आणि पंखा थांबला. सुकाणू वळवण्याचे हुकूम झाले, नांगर टाकला, तरी ते अजस्र धूड पुलाच्या खांबावर जाऊन आदळले. जहाजावरून वेळेत इशारा गेल्याने पोलिसांनी पुलावरची वाहतूक अडवली आणि कितीतरी जीव वाचले. मात्र पुलावर रात्रपाळीत खड्डे बुजवणारे सहा कामगार गेले.

मोठ्या जहाजाचे दुसरे अवघड दुखणे म्हणजे उशीर. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे जहाज पूर्ण वेगात असताना सुकाणू एका बाजूच्या ३५ अंशांवरून दुसऱ्या बाजूच्या ३० अंशांपर्यंत २८ सेकंदांच्या आत फिरले पाहिजे. पण सुकाणू फिरले म्हणजे जहाज वळले असे नव्हे. जहाज आधी ढिम्म राहते, मग सावकाश वळू लागते आणि एकदा वळू लागले की लवकर थांबत नाही. म्हणून मुरलेला खलाशी हवी ती दिशा येण्याआधीच सुकाणू थोडे उलट्या बाजूला देतो. नाहीतर जहाज पुढे वळतच राहते.

आणि सुकाणू नसेल तर? हंपीला तुंगभद्रेवर आपण हरिगोल पाहिला आहे. गोल टोपली, तिला ना पुढे ना मागे. त्यातला अंबिग वल्हे एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला मारतो आणि पाणी आपल्याकडे ओढतो. एकाच बाजूला मारत राहिला तर टोपली जागच्या जागी गरगर फिरते. बाराव्या शतकातले शरण अंबिगर चौडय्या याच नावाड्याच्या धंद्यातले. सुकाणू नसले तरी वल्हे सतत चालू ठेवावे लागते, हे त्या मंडळींना पुस्तकाशिवाय ठाऊक होते.

बारावीचा निकाल लागला, की माझ्याकडे पालक येतात. धारवाड की कोल्हापूर, सायन्स की कॉमर्स, मराठीतून शिकलेल्या पोराला पुढे कन्नड झेपेल का, असे शंभर प्रश्न. गेल्या वर्षी एक गृहस्थ पत्नी आणि मुलीला घेऊन आले. मुलीला मेडिकलला जागा मिळाली नव्हती. “नीट ठरेपर्यंत वर्षभर घरीच बसू दे म्हणतो. उगीच चुकीच्या वाटेला लागायला नको,” ते म्हणाले.

त्यांची काळजी खोटी नव्हती. वर्षभर नेटाने अभ्यास करून पुन्हा परीक्षा देणारी मुलेही मी पाहिली आहेत, ती थांबलेली नसतात. पण इथे तसा बेत नव्हता. मुलीने घरी बसायचे आणि वडिलांनी विचार करायचा, एवढेच होते. मी त्यांना होडीची गोष्ट सांगितली. म्हटले, “बीएस्सीला नाव घाला. ती शिकत राहिली तर सहा महिन्यांनी तिचे तिलाच कळेल कुठे वळायचे ते. तेव्हा आपण थोडे सुकाणू देऊ. आत्ता पाणीच वाहत नाही, तर वळवणार काय?”

गृहस्थ गप्प झाले. मुलगी खाली मान घालून बसली होती. तिची आई माहेरची गोकाककडची. इतका वेळ ती एक शब्द बोलली नव्हती. पर्समधून तिने मुलीची गुणपत्रिका काढली, टेबलावर ठेवली आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, “होगली बिड्री, सर. फॉर्म कोडरी.”