सड्यांचा जाहीरनामा

आम्ही रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांखालच्या, म्हणजे जांभ्याच्या कातळपठारांखालच्या, वाड्यांमध्ये राहतो. हे सडे यापुढे बेलगाम तोडू द्यायचे नाहीत, असं आम्ही ठरवलं आहे.

सातबाऱ्यावर सडा पोटखराब्यात जातो. मे महिन्यात जमीन बघायला येणाऱ्यालाही तापलेल्या काळ्या कातळापलीकडे काही दिसत नाही. त्याने मिरगानंतर यावं. पहिल्या पावसात दीपकाडीची पांढरी फुलं वर येतात. ही खास कोकणातल्या कातळांची. भाद्रपदात सीतेच्या आसवांनी सडा निळा-जांभळा होतो, मधूनमधून गेंदाची पांढरी बोंडं डोलतात. इथे माती जेमतेम बोटभर, तीही निकस; म्हणून सीतेची आसवं आणि दवबिंदू या वनस्पती किडे पचवून जगतात. हे वैभव नर्सरीतून आणून पुन्हा लावता येत नाही. जेसीबी फिरला की ते कायमचं गेलं.

कास पठार 2012 साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा झालं. आमच्या सड्यांपैकी कशेळी, बारसू, उक्षी अशी काही नावं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली, ती कातळशिल्पांमुळे. त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण कशेळीच्या कातळात कोरलेल्या भल्यामोठ्या हत्तीभोवती चार दगड रचायचे आणि उरलेला सडा खाणीला द्यायचा, हे आम्हाला मान्य नाही. कोरणाऱ्यांनी आकाशाखालचा हा मोकळा कातळ निवडला होता.

शिवाय पाणी. जांभ्यातून मुरलेला पाऊस खाली झऱ्यांना आणि विहिरींना मिळतो. सडा खणला की वाडीच्या पाण्यालाच धक्का लागतो.

जांभ्याचा चिरा आम्हालाही लागतो, आमची घरं त्याचीच आहेत. कुठे खणायचं आणि कुठे नाही, हे ग्रामसभेने ठरवावं. सड्यांची मालकी बहुतेक खाजगी, सामाईक. वारसा जपण्याचा भार एकट्या मालकावर टाकणं अन्याय आहे, त्याला मोबदला मिळालाच पाहिजे. सडा जपला तरी गुरं चरत राहतील, नाचणी पिकत राहील. कुंपण आम्हाला नको.

जैवविविधता कायदा, 2002 च्या कलम 37 खाली, गावांच्या संमतीने, निवडक सडे वारसा स्थळं म्हणून जाहीर करा. कुठल्याही प्रकल्पाआधीची पाहणी पावसाळ्यात करा. उन्हाळ्यातली आम्ही मानणार नाही.

येत्या मिरगापासून प्रत्येक वाडी आपल्या सड्यावरची फुलं, डबकी आणि झरे नोंदवेल. खाणीचा अर्ज ज्या कचेरीत येईल, तिथे ही नोंदवही घेऊन आम्ही हजर असू.