पहिला कॅमेरा आणि परसातले जंगल

कोणता कॅमेरा घ्यावा, हा प्रश्न मुलीसाठी स्थळ कोणते पाहावे या प्रश्नाच्या जातीचा आहे. ज्याला विचारावे त्याच्यापाशी उत्तर तयार असते, आणि ते बहुधा त्याच्याच घरचे असते. कॅनन बाळगणारा कॅननचे गुण गातो, निकॉनवाला निकॉनची शपथ घालतो, आणि दुकानदार जो माल पडून असेल त्याची शिफारस करतो. या पानावर वर्षभर आम्ही कुकरपासून पाण्याच्या पंपापर्यंत नाना वस्तूंची चिकित्सा करतो. पण दिवाळीच्या सुमारास कॅमेऱ्याविषयी जेवढी पत्रे येतात तेवढी दुसऱ्या कशाविषयी येत नाहीत. त्यांतही चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांची पत्रे यंदा अधिक आहेत.

कारण उघड आहे. पुण्यामुंबईचा माणूस वर्षातून एकदा वाघ पाहायला येतो. चंद्रपूरकराच्या परसातच जंगल आहे. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ साली अंधारी अभयारण्यासह त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१८ च्या डिसेंबरापासून तेथे पर्यटकांच्या मोबाइलला बंदी आली. म्हणजे ‘खिशात फोन असताना वेगळा कॅमेरा कशाला?’ हा सुज्ञ सल्ला मोहर्लीच्या गेटाशीच संपतो. बंदी नसती तरी फोनमधला वाघ हा वाघ आहे हे पाहुण्यांना बोट दाखवून सांगावे लागते, हे निराळेच.

आता ज्याला डीएसएलआर म्हणतात ती वस्तू काय आहे, ते थोडक्यात सांगतो. लेन्समधून आलेला प्रकाश आतल्या तिरप्या आरशावर पडतो, आरसा तो वर फेकतो, आणि आपण डोळा लावतो त्या खिडकीत तेच दृश्य दिसते. बटण दाबले की आरसा खटकन् वर उचलला जातो आणि प्रकाश मागच्या सेन्सरवर पडतो. पूर्वी त्या जागी फिल्म असे. २००३ साली कॅननने ‘३०० डी’ काढला, तोवर असा डिजिटल कॅमेरा हजार डॉलरांच्या आत मिळत नव्हता. आज वारे उलटे आहे. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही आपले शेवटचे मोठे डीएसएलआर २०२० साली काढले. त्यानंतरचा त्यांचा सगळा भर बिनआरशाच्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांवर आहे. दुकानदार तुम्हांला हेच ऐकवील, आणि ते खोटे नाही. पण त्यातच गरजूचे भाग्य आहे. पैसेवाली मंडळी नव्याच्या मागे लागली, की त्यांच्या कपाटातले धडधाकट डीएसएलआर बाजारात येतात. मोजक्या पैशांत पहिला कॅमेरा घ्यायचा असेल तर तो वापरलेला डीएसएलआरच घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. शिवाय आरशाच्या कॅमेऱ्याला वीज थोडी लागते. निकॉनचा २०१८ सालचा डी-३५०० एका चार्जिंगवर दीड हजारांवर फोटो काढतो, असे कंपनीचेच माप आहे. एटापल्ली-भामरागडकडच्या खेड्यांत, जेथे वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नाही, तेथे या आकड्याची किंमत शहरात बसून कळायची नाही.

बफरमधल्या एका गावचा तरुण आम्हांला ठाऊक आहे. जिप्सीत पाहुण्यांबरोबर गाईड म्हणून बसतो. दोन हंगामांची बचत, चाळीस हजार रुपये, त्याने कॅमेऱ्यासाठी बाजूला काढली होती. पाहुण्यांपाशी मोटारीच्या किमतीच्या लेन्सा असतात. वाघ दिसल्याच्या आनंदात ‘तुला फोटो पाठवतो हं’ म्हणून ते त्याचा नंबर घेतात, आणि घरी पोचले की विसरतात. सबंध आयुष्य जंगलात गेले, पण स्वतःचा म्हणावा असा एक फोटो त्याच्यापाशी नव्हता. तो आम्हांला म्हणाला, “काका, दुकानवाला म्हन्ते का बॉडी भारी घे, लेन्स मंग घेता येते. उरलेले पैसे हप्त्यानं. घेऊ का जी?”

“घेऊ नकोस, बाबा,” आम्ही म्हणालो.

कॅमेऱ्याचा डबा, म्हणजे बॉडी, ही नव्या नवरीसारखी चार दिवस मिरवते. तीन वर्षांनी तिची किंमत निम्मी होते. लेन्स मात्र नीट ठेवली तर तीन बॉड्यांना पुरून उरते. आणि फोटो काढते ती लेन्स. बॉडीबरोबर जी १८-५५ ची छोटी लेन्स फुकटात मिळाल्यासारखी वाटते, तिने गावचे, घरचे, देवळाचे फोटो उत्तम येतात. पण चाळीस पावलांवरचा वाघ तिच्यात मांजराएवढा दिसतो. तेव्हा चाळीस हजारांचे वाटे करताना लेन्सांचा वाटा बॉडीपेक्षा मोठा धरावा. हप्त्याचे तर नावच काढू नये. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर गाभ्याचे गेट बंद असते. हप्ता मात्र बंद नसतो.

मग कोणती लेन्स? कॅननवाल्याने ५५-२५० ची एसटीएम पाहावी, निकॉनवाल्याने एएफ-पी ७०-३०० पाहावी. या कॅमेऱ्यांचा सेन्सर फिल्मपेक्षा लहान असल्यामुळे लेन्सची दृष्टी आणखी लांब पडते: कॅननवर २५० ची लेन्स चारशेसारखी, निकॉनवर ३०० ची साडेचारशेसारखी काम करते. दोन्ही वजनाला अर्ध्या किलोच्या आत आहेत. गळ्यात अडकवून दिवसभर हिंडावे. मात्र निकॉनची ही लेन्स दोन रूपांत येते, एक ‘व्हीआर’ आणि एक त्याविना. बाहेरून पाहता बहिणी-बहिणी. ‘व्हीआर’ म्हणजे हाताचा कंप सावरणारी योजना. ती नसलेली लेन्स स्वस्त म्हणून गळ्यात मारली जाते. लेन्सवर ती दोन अक्षरे असल्याखेरीज पैसे मोजू नयेत.

खाचखळगे आणखी आहेत, आणि वापरलेल्या मालात ते अधिक. निकॉनचे डी-३१०० आणि डी-३२०० हे जुने कॅमेरे कवडीमोल मिळतात, पण वर सांगितलेली एएफ-पी लेन्स त्यांवर फोकसच करीत नाही. उलट, निकॉनच्या डी-३५०० किंवा डी-५६०० मध्ये फोकस फिरवणारी मोटर बॉडीत नसते, लेन्समध्ये असावी लागते. त्यामुळे नावात नुसते ‘एएफ-डी’ असलेल्या जुन्या लेन्सा त्यांवर हाताने फिरवाव्या लागतात. वाघ तेवढा वेळ थांबत नाही. कॅननच्या ३००० डी ला लेन्स बसवायची कडी प्लास्टिकची आहे, आणि चष्म्याच्या नंबराप्रमाणे खिडकी जुळवण्याची चकतीही नाही. चाळिशी लागलेल्याने तो घेऊ नये. १५०० डी किंवा २०० डी मार्क टू बरे.

आता स्वस्त लेन्सचे खरे दुखणे सांगतो: तिला प्रकाश कमी पुरतो. लाखांच्या लेन्सचे तोंड मोठे असते, एफ २.८ चे. आपली लेन्स लांबवर ताणली की एफ ५.६ किंवा ६.३ वर येते, म्हणजे चौपटीने, किंबहुना त्याहून कमी प्रकाश आत जातो. वाघ निघतो तो पहाटे आणि दिवेलागणीला. अशा वेळी आयएसओ १६०० किंवा ३२०० पर्यंत बिनदिक्कत चढवावा. फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे येतील, येऊ द्यावेत. दाणेदार वाघ चालतो, हललेला वाघ चालत नाही. चालत्या जनावराला शटर सेकंदाच्या पाचशेव्या हिश्शाहून मंद नको. बसलेला असेल तर साठाव्या हिश्शापर्यंत उतरता येते. मात्र ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगावे आणि कॅमेरा टेकवावा. टेकवायला विकतची उशी कशाला? जुन्या पँटच्या पायाची पिशवी शिवून तिच्यात दोन किलो तांदूळ भरला की जिप्सीच्या कठड्यावर ती अशी बसते की तिपाई झक मारते. तांदळाला या मुलखात तोटा नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवड करीत करीत जो वाण सिद्ध केला, त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून ‘एचएमटी’ हे नाव पडले. घड्याळे बंद झाली, दादाजी २०१८ साली गेले, तांदूळ अजून ताटात आहे. पिशवीत मात्र कणीच भरावी. एचएमटीचा भात करावा.

मे महिन्यात वाघ पाणवठ्यावर हमखास दिसतो, म्हणून गर्दी होते. चंद्रपूरचा पारा तेव्हा पंचेचाळिशी ओलांडतो. दुपारी दूरवर रोखलेला फोटो पाण्याखाली काढल्यासारखा हलका, पुसट येतो. पुष्कळांनी अशा वेळी लेन्स दुरुस्तीला नेलेली आम्ही पाहिली आहे. दोष लेन्सचा नव्हे, जमिनीवरून उठणाऱ्या झळांचा असतो. सकाळी लौकर काढावा, नाहीतर जवळ येऊ द्यावा.

‘येऊ द्यावा’ म्हणालो. आपण जवळ जावे असे म्हणालो नाही. लहान लेन्स माणसाला पुढे सरकायला लावते. मोहफुले वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला गेलेली बायामाणसे वाघाच्या तावडीत सापडल्याच्या बातम्या या दोन्ही जिल्ह्यांत दर उन्हाळ्यात येतात. त्यांना पोटासाठी जावे लागते. फोटोसाठी पायी आत शिरणाऱ्याला काय म्हणावे? गडचिरोलीत २०२१ पासून छत्तीसगडातून रानटी हत्तींचा कळप येऊन राहिला आहे. हत्ती बुजला तर तुमची लेन्स किती लांबची आहे हे विचारीत नाही.

आणि खरे सांगू का, वाघासाठी कॅमेरा घ्यायचा हीच कल्पना आम्हांला फारशी पटत नाही. जिप्सीचे, गेटाचे, गाईडचे पैसे भरून महिन्याला किती फेऱ्या कराल? पण झाडीपट्टीत गावोगावी मामा तलाव आहेत. तेथे बगळे, खंड्या, उघड्या चोचीचे करकोचे, अडई बदके फुकट बसलेली असतात. उडत्या बगळ्यावर फोकस साधू लागलात, की वाघ सोपा आहे; तो निदान जमिनीवर चालतो. आमच्या गाईडला आम्ही फेरी नसलेल्या दिवशी गावच्या तलावावर बसवले. पहिल्या आठवड्यात तीनशे फोटो आणि त्यांत एकही पक्षी पुरता नाही. तिसऱ्या आठवड्यात खंड्याच्या डोळ्यातला ठिपका दिसू लागला.

दुसरे म्हणजे दिवाळी झाली की भाऊबीजेपासून मंडई भरतात आणि झाडीपट्टीची नाटके उभी राहतात. वडशाच्या कंपन्या रात्रीमागून रात्री प्रयोग करतात. ज्या रंगभूमीतल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तिचे चांगले फोटो अजून किती थोडे आहेत! तेथे लांब लेन्स निरुपयोगी. त्याला कॅननची ५० एफ १.८ एसटीएम किंवा निकॉनची ३५ एफ १.८ डीएक्स ही लहानशी, स्वस्त, मोठ्या तोंडाची लेन्स हवी. मांडवातल्या दिव्यांत ती उजेड पिऊन घेते. फ्लॅश मारू नये. नटाचे डोळे दिपतात आणि मागचे प्रेक्षक शिव्या घालतात, त्या झाडीबोलीत फार गोड लागत असल्या तरी.

वापरलेला कॅमेरा घेताना चार गोष्टी तेथेच कराव्यात. एफ १६ लावून मोकळ्या आभाळाचा फोटो काढावा. ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. सफाईने जात असेल तर हरकत नाही, ओरखडा असेल तर उठावे. लेन्समधून मोबाइलची बॅटरी आरपार पाडून पाहावी. कोळ्याच्या जाळ्यासारखी रेघ दिसली की ती बुरशी. बॅटरी फुगलेली नसावी. आणि शटर किती वेळा उडाले ते विचारावे. निकॉनच्या फोटोतच ते नोंदलेले असते आणि संगणकावर वाचता येते. कॅननच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत ते सहजी सापडत नाही, तेव्हा झिजलेल्या बटणांवरून अदमास घ्यावा. पंचवीस-तीस हजार असेल तर तरुण, लाखाच्या पुढे असेल तर पेन्शनर समजावा. पेन्शनरही चालतो, पण पेन्शनरच्या किमतीला.

आमच्या गाईडने नागपूरच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून वापरलेला डी-५६०० घेतला, १८-५५ सकट. त्यावर एएफ-पी ७०-३०० घेतली, व्हीआरची. उरलेल्यांत कार्ड, दुसरी बॅटरी, आणि ३५ ची लेन्स पुढच्या हंगामावर टाकली. जिप्सीत लेन्स बदलायची नाही, ही एकच ताकीद आम्ही त्याला दिली. ताडोब्याची तांबडी धूळ आत शिरली की ती काढायचा खर्च मोठा. पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या पिशवीत ठेवू नये, तीच बुरशीचे माहेर. झाकण घट्ट बसणारा धान्याचा डबा घ्यावा, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, वर कोरड्या फडक्यात कॅमेरा ठेवावा. पुड्यांतले निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे करावेत. तो तवा पुन्हा भाकरीला मात्र घेऊ नये.