विश्लेषण : नकोशा कॉलला ‘डीएनडी’ आहे, मग ईमेलला का नाही?

विमा विकणारा नकोसा फोन आला तर १९०९ या क्रमांकावर तक्रार करता येते. कर्ज देऊ करणारा एसएमएस आला तरी तीच सोय. पण तेच कर्ज आणि तोच विमा ईमेलमधून कोणी गळ्यात मारू लागले, तर तक्रार कोणाकडे करायची? दूरसंचार नियामक ‘ट्राय’चे २०१८चे नियम व्यावसायिक कॉल आणि एसएमएसपुरते आहेत. ईमेल त्यांच्या कक्षेत येत नाही. तो कचरा ज्याच्या दारात पडला त्यानेच उचलायचा, अशी आज आपल्याकडे स्थिती आहे.

हा कचरा नुसता डोळ्यांना खुपत असता तर गोष्ट वेगळी. गुगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत वाटलेली असते. ती भरली की नवे ईमेल येणे थांबते. म्हणजे सेलच्या जाहिराती आत बसतात आणि मुलाखतीचे बोलावणे दारावरून परत जाते. शंभर जाहिरातींच्या ढिगात प्रवेशाच्या मुदतीचा एक ईमेल दिसलाच नाही, तर विद्यार्थ्याचे नुकसान कोण भरून देणार?

उपद्रव सुरू कसा झाला?

३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील ‘डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन’चे विक्री अधिकारी गॅरी थ्युर्क यांनी ‘अर्पानेट’वरील सुमारे ४०० जणांना नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण एकाच वेळी धाडले. हा पहिला जाहिराती ईमेल मानला जातो. तक्रारी तेव्हाही झाल्या. ‘स्पॅम’ हे नाव मात्र नंतरचे. मूळ शब्द डबाबंद मांसाच्या एका ब्रँडचा. ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी चमूच्या १९७०च्या प्रहसनात तो इतक्या वेळा ओरडला जातो की दुसरे काही ऐकूच येत नाही. इनबॉक्सची अवस्था पाहता नाव चपखल आहे.

कारण साध्या हिशेबात आहे. टपालाने दहा हजार पत्रके पाठवायची तर दहा हजार तिकिटे लागतात. ईमेलमध्ये दहा हजार आणि दहा लाख यांच्या खर्चात फारसा फरक नाही. लाखात एक जण फसला किंवा एकाने खरेदी केली तरी पाठवणाऱ्याचे भागते. उरलेल्या सगळ्यांचा वेळ आणि डेटा हा त्याच्या जमाखर्चात धरलेलाच नसतो.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेने २००३ मध्ये कायदा केला. जाहिरात पाठवा, पण नको म्हणण्याची वाट द्या आणि कोणी नको म्हटले तर दहा कामकाजाच्या दिवसांत थांबा, असे तो सांगतो. युरोपचा नियम याच्या उलट, म्हणजे साधारणपणे आधी संमती आणि मग जाहिरात.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ मध्ये त्रास देणाऱ्या किंवा कोणाकडून आला हे लपवणाऱ्या ईमेलचा थेट उल्लेख होता. पण त्याच कलमातली ‘त्रासदायक’सारखी मोघम भाषा नागरिकांवरच उलटली. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरासाठी अटक झाली, त्यावर देशभर संताप उसळला आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण कलम रद्द केले. ते गेले हे योग्यच झाले. मात्र त्याबरोबर कचरा ईमेलविषयीची तरतूदही गेली आणि तिची जागा संसदेने आजवर भरलेली नाही.

थोडी आशा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याकडून आहे. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे, असे २०२३चा हा कायदा म्हणतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. शिवाय तो वैयक्तिक माहितीचा कायदा आहे. ‘डीएनडी’सारखी यादी त्यात नाही.

मग पहारा कोणाचा?

दोन अमेरिकी कंपन्यांचा. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने घाऊक ईमेल धाडणाऱ्यांवर अटी घातल्या. जीमेलवर दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त ईमेल पाठवणाऱ्याने आपली ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध करायची, जाहिरातीच्या ईमेलमध्ये एका टॅपमध्ये ‘अनसबस्क्राइब’ची सोय द्यायची आणि ती विनंती दोन दिवसांत पाळायची. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांपर्यंत, म्हणजे हजारात तिनापर्यंत, जाता कामा नयेत. नियामकाने करायचे काम कंपन्यांनी केले. मात्र गाळणीने एखाद्या छोट्या उद्योजकाचा प्रामाणिक ईमेल स्पॅममध्ये टाकला, तर त्याला दाद मागायला जागा नाही.

तरी हजारात तीन या आकड्यात वाचकाच्या हाती काहीतरी आहे. बहुतेक जण नकोसा ईमेल नुसता डिलीट करतात. त्याने पाठवणाऱ्याचे काहीच बिघडत नाही. ‘रिपोर्ट स्पॅम’ दाबले तर ते त्याच्या खात्यावर चढते.

फोनवर काय करता येईल?

ओळखीच्या दुकानाचा किंवा ॲपचा ईमेल असेल तर ‘अनसबस्क्राइब’, अनोळखी असेल तर ‘रिपोर्ट स्पॅम’, हा भेद महत्त्वाचा. अनोळखी ईमेलच्या तळाशी असलेल्या ‘अनसबस्क्राइब’ लिंकला हात लावू नये. हा पत्ता वापरात आहे, याची पावतीच त्यातून समोरच्याला मिळते. ओळखीच्यांसाठीही ईमेलमधल्या बारीक करड्या अक्षरांपेक्षा जीमेलने स्वतः वर दिलेले बटण बरे. जुलै २०२५ पासून जीमेल ‘मॅनेज सबस्क्रिप्शन्स’ हे पान देऊ लागले आहे. तिथे कोण किती ईमेल पाठवतो ते एकत्र दिसते. बिलाच्या काउंटरवर ईमेल द्यावाच लागला, तर जीमेलच्या पत्त्यात नावानंतर अधिकचे चिन्ह आणि त्या दुकानाचे नाव जोडून देता येते. ईमेल पोहोचतो तुमच्याकडेच, पण पत्ता कुठून फुटला ते कळते.

धोका आहे तो बँकेच्या किंवा प्राप्तिकर परताव्याच्या नावाने येणाऱ्या ईमेलचा. फोनच्या छोट्या पडद्यावर फक्त पाठवणाऱ्याचे नाव दिसते आणि नाव काहीही ठेवता येते. त्यावर टॅप करून पूर्ण पत्ता पाहावा. रिझर्व्ह बँकेने बँकांना आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर नेण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती. त्यामुळे लिंकचा मुख्य पत्ता या शब्दांवर संपत नसेल, तर तिथे पासवर्ड टाकू नये. पैसे गेलेच, तर १९३० वर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकते.

आणि आठवड्यातून एकदा स्पॅमचा कप्पाही उघडून पाहावा. जीमेल तिथले ईमेल ३० दिवसांनी कायमचे पुसते आणि त्यात चुकून गेलेले नोकरीचे पत्रही असू शकते.