देव सुताराच्या घरी

चिखली तालुक्यातील उंद्री गावी गेल्या नाताळाच्या सुमारास आमचे जाणे झाले होते. कपाशीची वेचणी चालू होती, तुरी शेंगांवर आल्या होत्या, आणि एका सुतार मिस्त्रींच्या पडवीत चार शेतकरी मंडळी टेकली होती. कोणाच्या तरी मोबाईलवर गव्हाणीतल्या बाळाचे चित्र आले. ते पाहून मिस्त्री आम्हाला म्हणाले, “भाऊ, येसू म्हंजे त्यायचा अवतारच ना? आपल्या रामकृष्णावानी?” आम्ही ‘तसेच काहीसे’ म्हणून वेळ मारून नेली. ते उत्तर चुकीचे होते. चूक कबूल करण्यात आम्हास कमीपणा वाटत नाही, सबब आज त्या प्रश्नाचा नीट विचार करू.

अवतार म्हणजे खाली उतरणे. देव उतरतो, दैत्यास मारतो, आणि काम उरकले की आपल्या जागी परत जातो. माशाचे, डुकराचे शरीर हे त्याला कामापुरते लागते, पुढे त्या शरीराची कोणी आठवणही काढीत नाही. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त हे अवतार एकेक करून तपासले आणि स्वच्छ सांगितले की या देवकथा नव्हेत, परक्या टोळ्यांच्या नायकांनी येथील रयतेस जिंकल्याच्या हकिकती आहेत. वामनाने बळीस पाताळात घातले, पण आमच्या आयाबहिणी आजही बळीचेच राज्य मागतात, वामनाचे कोणी मागत नाही. तेव्हा अवतार हा शब्द कानी पडताच कुणब्याने प्रथम विचारावे की, याने मारले कोणाला आणि जमीन घेतली कोणाची?

ख्रिस्ती लोकांचे म्हणणे या प्रश्नापुढे वेगळे उभे राहते. त्यांच्या येशूने कोणास मारले नाही. त्यालाच रोमी सरकारने खांबावर खिळले. जमीन तर त्याच्यापाशी वितभरही नव्हती. याच ‘गुलामगिरी’त जोतीराव येशूलाही बळी म्हणतात, ते उगाच नव्हे.

आता त्या म्हणण्याचे मर्म पाहू. योहानाच्या शुभवर्तमानात आरंभीच सांगितले आहे की देवाचा शब्द देह झाला. मूळ ग्रीक भाषेत तेथे जो शब्द आहे त्याचा अर्थ रूप किंवा सोंग असा नसून मांस असा आहे, म्हणजे जे उन्हात करपते आणि उपाशी राहिले की सुकते ते. पुढे तो आमच्यात राहिला असे म्हणताना जे क्रियापद घातले आहे, त्याचा धात्वर्थ पाल ठोकून राहणे असा आहे. मेंढरामागे फिरणारे धनगर पडीक रानात पाल ठोकतात, तसे. देवाच्या राहण्याला वाड्याची नव्हे तर पालाची उपमा द्यावी, हे आमच्या वाचकांस जितके कळेल तितके पंडितांस कळेल की नाही याची आम्हास शंका आहे.

हे म्हणणे पचायला ख्रिस्ती पंडितांसही जड गेले. देवाला भूक कशी लागेल, देव रडेल कसा, असे म्हणून आरंभीच्या काळी काहींनी तोड काढली की तो देह नुसता भास होता. मंडळीने ती तोड मानली नाही. ३२५ साली नायसिया येथे आणि ४५१ साली खाल्सेदोन येथे धर्मसभा भरल्या. पहिलीत ठरले की येशू पुरता देव आहे, आणि दुसरीत ठरले की तो पुरता देव असून पुरता मनुष्यही आहे, एकात दुसऱ्याची भेसळ नाही. शब्दांचा हा कीस आम्हाला पुष्कळदा कंटाळवाणा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी एक मोलाची गोष्ट आहे. देह खोटा ठरला की भूक खोटी ठरते, घाम खोटा ठरतो. मग राबणाऱ्याला कोणीही सांगावे की बाबा, तुझे दुःख ही माया आहे, तू निमूट राब.

आणि देह तरी कोणाचा? मार्काच्या शुभवर्तमानात येशू आपल्या गावच्या सभास्थानात बोलू लागतो, तेव्हा गावकरी नाक मुरडतात, की हा तर सुतार, याला हे ज्ञान कोठून आले! तेथला ग्रीक शब्द लाकूड-दगडाचे काम करणाऱ्या कारागिराचा आहे. लूक सांगतो की उपदेशाला लागला तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. म्हणजे आयुष्याचा मोठा भाग घरच्या धंद्यात गेला असला पाहिजे. ज्याच्या हातात वाकस आहे त्याने शास्त्र बोलू नये, हा न्याय नासरेथातही होता आणि आमच्याकडेही होता. पुढे पुन्हा उठल्यावरही त्याच्या हातांवर खिळ्यांचे वण होते, असे योहान लिहितो. अवतार देह टाकून जातो. येथे देह वणांसकट राखला आहे.

हे मराठीत सांगण्याची धडपड जुनी आहे. गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, कारण बाटलेल्या गावकऱ्यांना पुराण ऐकण्याची भूक होती. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले आणि लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले. पण आम्हास अधिक कौतुक पंडिता रमाबाईंचे वाटते. साध्या बायाबापड्यांस समजेल असे बायबल त्यांनी केले, केडगावच्या मुक्तीतील मुलींनी त्याचे खिळे जुळविले, आणि रमाबाईंच्या पश्चात १९२४ साली ते बाहेर पडले.

मात्र शब्द देह झाला म्हणणाऱ्यांनी तो देह पाळला काय? आपल्या बुलढाणा जिल्ह्याला लागून असलेल्या जालन्यास नारायण शेषाद्री नावाचे गृहस्थ होते. जन्माने ब्राह्मण, १८४३ साली ख्रिस्ती झाले, आणि पुढे जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती वसवून मांग-महार मंडळींत राहिले. हे पाल ठोकणे झाले. उलट गोव्यात देवळाच्या कोन्फ्रारी जातवार वाटून घेतल्या गेल्या, आणि एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारे एकमेकांत सोयरीक करीनात. देवाने सुताराचे मांस घेतले हे मानायचे आणि शेजाऱ्याचा स्पर्श मोजायचा, याला आम्ही ढोंग म्हणतो. सरकारचाही न्याय विचित्रच. १९५० च्या हुकुमाप्रमाणे अनुसूचित जातीच्या माणसाने बाप्तिस्मा घेतला की सवलत जाते. पुढे शिखांस आणि बौद्धांस ती मिळाली, ख्रिस्ती झालेल्यांस अद्याप नाही. जणू पाणी शिंपडताच गावाने त्याची जात विसरली!

कोणी म्हणेल, तुम्ही लोकांस बाटवावयास निघालात काय? मुळीच नाही. जोतीराव मिशनच्या शाळेत शिकले, येशूचा आदर केला, पण ख्रिस्ती झाले नाहीत. निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, हे त्यांचे म्हणणे आमचेही आहे, आणि एकाच देहात देव पुरता सामावला हे आमच्या बुद्धीस अजून पटलेले नाही. पण न पटणे वेगळे आणि न समजता ‘तसेच काहीसे’ म्हणणे वेगळे. एका घरात बायको एक धर्मपुस्तक वाचते, नवरा दुसरे, मुलगी तिसरे, तरी सारे गोडीने नांदतात, असे कुटुंब जोतीरावांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात कल्पिले आहे. तेथे प्रत्येकाला दुसऱ्याचे पुस्तक निदान कळावे लागेल.

परवा पुन्हा उंद्रीस जाऊन आम्ही मिस्त्रींना हे सारे सांगितले. रंधा बाजूला ठेवून त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मग विचारले, “त्याच्या गावच्यांनी त्याची मजुरी बुडवली असंन का हो?” चारही शुभवर्तमाने आम्ही चाळली. त्या वर्षांविषयी त्यांत जवळजवळ काहीच लिहिलेले नाही.